‘उडान’ : बापासारखे न होण्याची अवघड वाट

विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘उडान’ हा पहिलाच चित्रपट २०१० साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या ‘अन सर्तें रगार’ या वेगळ्या धाटणीच्या चित्रपटांच्या विभागात निवडला गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याआधी त्याची पटकथा कित्येक वर्षे निर्मात्याची वाट पाहत पडून होती, आणि चित्रपट पाहिल्यावर त्याचे कारणही ध्यानात येते. यात कोणी बडा तारा नाही, नायिका नाही, प्रेमकथा नाही. वयात येणाऱ्या मुलांवरचे हिंदी चित्रपट बहुधा कॉलेज, दोस्ती आणि पहिले प्रेम यांभोवतीच घुटमळतात. हा चित्रपट मात्र थेट घरात शिरतो, दार लावून घेतो आणि बाप व मुलगा यांना समोरासमोर बसवतो.

सतरा वर्षांच्या रोहनला सिमल्याच्या निवासी शाळेतून काढून टाकले जाते. वसतिगृहातून रात्री पळून जाऊन मित्रांसह नको तो सिनेमा पाहिला, एवढाच त्याचा अपराध. आठ वर्षांत एकदाही भेटायला न आलेल्या वडिलांकडे, जमशेदपूरला, त्याला परतावे लागते. तिथे गेल्यावर त्याला कळते की वडिलांचे मध्यंतरी दुसरे लग्न झाले होते आणि घरात अर्जुन नावाचा सहा वर्षांचा सावत्र भाऊ आहे. रोहनला लेखक व्हायचे आहे. वडिलांनी त्याच्यासाठी अर्धा दिवस स्वतःच्या कारखान्यात काम आणि उरलेला वेळ इंजिनियरिंगचे शिक्षण, असा बेत आधीच ठरवून टाकलेला आहे, आणि त्यावर चर्चा होणार नाही. इंजिनियरिंगला जायचे की नाही हे मुलाला विचारण्याची पद्धत आपल्याकडेही फारशी नसल्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे घर परके वाटत नाही.

भैरवसिंह हा बाप रोनित रॉय यांनी ज्या ताकदीने उभा केला आहे, तिला तोड नाही. दोन्ही मुलांनी त्याला ‘सर’ म्हणायचे, असा घराचा दंडक आहे. तो रोज पहाटे रोहनला पळायला नेतो आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्याशी शर्यत लावतो. या शर्यतीत व्यायामापेक्षा वेगळेच काही चालले आहे, हे पाहणाऱ्याला लगेच जाणवते : मिसरूड फुटलेल्या मुलाला आपण अजून हरवू शकतो, याची खात्री बाप रोज करून घेत असतो. रॉय यांनी या माणसाला खलनायकी केलेले नाही. तो कधी मुलाला शेजारी बसवून घेतो, दारूचा पेला पुढे करतो, बरोबरीच्या नात्याने बोलू पाहतो, आणि मुलगा जरा सैलावतो न सैलावतो तोच त्याचा आवाज बदलतो. मारापेक्षा या अनिश्चिततेनेच पोटात गोळा येतो. चित्रपटाला मिळालेल्या फिल्मफेअरच्या सात पुरस्कारांपैकी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार रॉय यांना मिळाला, तो सर्वार्थाने योग्य होता.

माझ्या मते चित्रपटाचे सगळे मर्म एका घड्याळात आहे. अठराव्या वाढदिवसाला बाप मुलाला जे घड्याळ देतो, ते त्यालाही त्याच्या वडिलांकडून मिळालेले असते. देताना त्याच्या चेहऱ्यावर खरा अभिमान दिसतो. आपल्याला जसे वाढवले तसेच आपण वाढवतो आहोत आणि त्यातूनच पुरुष घडतो, यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. त्यामुळे रोहनसमोरचा प्रश्न केवळ ‘लेखक की इंजिनियर’ एवढा उरत नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा कठोरपणा आपणही पुढे न्यायचा की इथेच थांबवायचा, असा तो प्रश्न आहे. आणि दिग्दर्शकाने रोहनला निर्दोष ठेवलेले नाही, हे फार महत्त्वाचे. रात्री तो चोरून वडिलांची गाडी काढून दारू प्यायला जातो, आणि सुरुवातीला तर लहानग्या अर्जुनवर अगदी बापाच्याच सुरात खेकसतो. रजत बरमेचा यांनी ही धुमसणारी चीड फार न बोलता, मान खाली घालून पण नजर न झुकवता दाखवली आहे.

रोहन मोठा होतो आहे की नाही, हे चित्रपट अर्जुनच्या मापाने मोजतो. बापाच्या माराने अर्जुन इस्पितळात पडतो तेव्हाचा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो. खाटेजवळ बसलेला रोहन धाकट्याला रचून रचून गोष्टी सांगू लागतो; हळूहळू आजूबाजूचे रुग्ण आणि इस्पितळातली माणसेही ऐकायला जमतात. ज्या लेखनाला घरात रिकामटेकडेपणा ठरवले गेले, ते इथे एका भेदरलेल्या मुलाला धीर देते, आणि हे कोणत्याही पात्राच्या तोंडी न घालता आपल्याला दिसते. आयान बोरादिया या बालकलाकाराच्या वाट्याला संवाद जेमतेम आहेत, पण बाप खोलीत शिरताच त्याचे अंग आक्रसते ते पाहवत नाही.

राम कपूर यांनी साकारलेले काका हा या घरातला एकमेव ओलावा. मात्र थोरल्या भावापुढे त्यांचेही काही चालत नाही, आणि प्रेमळ माणसांच्या या दुबळेपणाकडे चित्रपट डोळेझाक करत नाही.

उणिवाही आहेत. सव्वादोन तासांच्या या चित्रपटात मध्यंतरानंतर काही प्रसंग तेच ते सांगतात. जमशेदपुरातले मित्र ठसत नाहीत. स्त्रियांना तर जवळजवळ जागाच नाही. रोहनची आई केवळ आठवणीपुरती आहे आणि काकूंच्या मनात या सगळ्याविषयी काय चालले असेल, हे कोणी विचारत नाही. बायकांवाचूनचे घर असेच कोरडे होते, असे समर्थन कोणी करील, पण मला ते पुरेसे वाटत नाही.

महेंद्र शेट्टी यांच्या छायाचित्रणात पोलादनगरीचे रस्ते, धुराडी आणि मोकळे आकाश एकाच चौकटीत येतात. अमित त्रिवेदी यांचे संगीत आणि अमिताभ भट्टाचार्य यांची गाणी कथेला थांबवत नाहीत. रोहनच्या तोंडच्या सत्यांशु सिंह यांच्या कविता तर सतरा वर्षांच्या मुलाने लिहिल्यासारख्या, थोड्या कच्च्या आणि म्हणूनच खऱ्या वाटतात.

लहान मुलांसोबत हा चित्रपट पाहू नये, कारण मारहाणीचे प्रसंग अंगावर येणारे आहेत. दहावी-बारावीच्या मुलांसोबत मात्र आईवडिलांनी तो अवश्य पाहावा, आणि संपल्यावर मुलांना लगेच काही समजावू न लागता आधी त्यांना बोलू द्यावे.