ताजमध्ये एक रात्र, तीही पाठीमागच्या खोलीत

लग्नाला 15 वर्षं झाली म्हणून नवऱ्याने विचारलं, कुठे जायचं, मी म्हटलं ताज. तो म्हणाला, जुलैत आग्र्याला कोण जातं गं! अरे कुलाब्याचं ताज, म्हटल्यावर मात्र दोन मिनिटं गप्प बसला आणि मग मोबाईलवर भाडं बघून आणखी दोन मिनिटं गप्प बसला. सासूबाईंचं म्हणणं त्याहून सरळ होतं, दीड तासावर स्वतःची गादी असताना दुसऱ्याच्या गादीवर झोपायचे एवढे पैसे? मुद्दा बरोबर होता, पण मुलाला सांभाळायला त्या तयार झाल्या आणि आम्ही दोघं डोंबिवली फास्ट पकडून ताजला राहायला गेलो. हो, ट्रेनने. शनिवारी पावसात गाडीने कुलाब्याला जायचं म्हणजे अर्धी अ‍ॅनिव्हर्सरी फ्रीवेवरच.

माझं लहानपण गिरगावातलं. महिन्यातून एखाद्या रविवारी बाबा आम्हाला बसने म्युझियमपर्यंत आणि तिथून चालत गेटवेला न्यायचे, कठड्यावर बसून चणे खायचे, लाँच मोजायच्या आणि परत यायचं. दर वेळी ताजकडे बोट दाखवून बाबा तीच गोष्ट सांगायचे की हे हॉटेल उलटं बांधलंय, साहेब आर्किटेक्ट नकाशे देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर पुढची बाजू मागे आणि मागची पुढे, मग त्याने वरून उडी मारली. मी ही गोष्ट माझ्या मुलालापण सांगितली आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी सांगितली असेल. तिचं काय झालं ते पुढे सांगते.

सीएसएमटीहून काळीपिवळी केली. ड्रायव्हरने ताजच्या अलीकडे गाडी हळू करून विचारलं, आत की बाहेर? आयुष्यात पहिल्यांदा 'आत' म्हटलं, आणि आवाज जरा मोठाच निघाला माझा. गेटवर गाडीची तपासणी, मग बॅगा स्कॅनरमधून, मग आपण मशीनमधून. माझ्या बॅगेत घरच्या दशम्या होत्या (सासूबाई!) त्या स्कॅनरमधून जाताना मला उगाच धडधडलं. आत गळ्यात हार, कपाळाला टिळा वगैरे व्यवस्थित स्वागत, आणि आमच्या पावसाने भिजलेल्या चपलांकडे कोणी एकदाही बघितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते कारण मागच्या वर्षी दुसरीकडे एका स्वतःला हेरिटेज म्हणवणाऱ्या ठिकाणी राहिलो होतो, तिथे रिसेप्शनवरच्या मुलाने आमच्याकडे असं बघितलं होतं की जणू कुरियर द्यायला आलोय, आणि रात्रभर पंखा कुरकुरत होता तो वेगळाच.

आता मुख्य गोष्ट, खोली. ताजचे दोन भाग आहेत, जुना तो पॅलेस आणि शेजारी उंच तो टॉवर. टॉवर 1973 चा, आधी तिथे ग्रीन्स हॉटेल होतं. टॉवरचं भाडं सहसा कमी असतं, पण जायचंच असेल तर पॅलेसमध्येच जा, नाहीतर मग बाहेरून बघितलेलंच बरं. पॅलेसमध्येही समुद्रासमोरची खोली महाग आणि आतल्या बाजूची, म्हणजे स्विमिंग पूलकडची, त्या मानाने स्वस्त. आम्ही आतली घेतली. खरं सांगायचं तर पैशांसाठीच घेतली, आणि नवरा दोन दिवस आधीपासून धुसफुसत होता की ताजला जाऊन गेटवे दिसणार नाही मग काय उपयोग.

दार लावलं आणि आवाज बंद झाला. म्हणजे किती बंद, तर मला आधी वाटलं कानात दडे बसले. आमच्या घरी पहाटे साडेचारला पाण्याची मोटर, मग शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, मग स्टेशनची अनाउन्समेंट, या सगळ्याची इतकी सवय की शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय असंच वाटतं. इथे खिडकीतून खाली निळा पूल, त्यावर पडणारा पाऊस, कडेला पाम, आणि तीन बाजूंनी दगडी भिंती. बाहेर कुलाबा आहे, टॅक्सी आहेत, फुगेवाले आहेत, शंभर पावलांवर गेटवेची गर्दी आहे, आणि आत पाऊस पाण्यावर पडतो तेवढाच आवाज. नवरा धुसफुसायचा थांबला आणि चक्क झोपला. साडेतीन वाजता दुपारी. मी मात्र जागी राहिले, एवढे पैसे देऊन झोपायचं म्हणजे!

संध्याकाळी तिथे राहणाऱ्या लोकांना इमारत फिरवून दाखवतात, ते अजिबात चुकवू नका. आमच्याबरोबर एक बंगळुरूचं कुटुंब आणि दोन परदेशी आजीबाई होत्या. तिथे कळलं की जिथे पूल आहे तिथेच पूर्वी हॉटेलचं पुढचं दार होतं! घोडागाड्या शहराच्या बाजूने यायच्या, पाहुणे तिकडून आत यायचे, आणि समुद्राची बाजू मुद्दाम खोल्यांसाठी ठेवली होती, वारा आणि समुद्र मिळावा म्हणून. म्हणजे उलटंबिलटं काही नाही, ठरवून बांधलेलं. हॉटेल सुरू झालं 16 डिसेंबर 1903 ला आणि गेटवे पूर्ण झालं 1924 ला, म्हणजे ज्याच्याकडे तोंड नाही म्हणून आपण हॉटेलला हसतो ते गेटवे तेव्हा नव्हतंच की. आणि उडी मारणारा साहेब? मूळ आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी, काम पूर्ण केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज माणसाने. वैद्य! आपले वैद्य! मी लगेच नवऱ्याला कोपराने ढोसलं. शाळेत इतिहासात कधी हे नाव ऐकल्याचं मला आठवत नाही, आणि उडीची गोष्ट मात्र सगळ्या मुंबईला पाठ.

तिथूनच बाबांना फोन लावला. म्हटलं बाबा, आर्किटेक्टने उडी नव्हती मारली, हॉटेल उलटं नाही, ठरवूनच तसं बांधलंय, आणि आमची खोली आहे ना ती बाजूच खरी पुढची. बाबा म्हणाले, मग इतकी वर्षं मी काय खोटं सांगत होतो? आणि जरा वेळाने म्हणाले, जिना बघितलास का.

तर जिना. मधला मोठा जिना, मधोमध कुठे खांब नाही, भिंतीतून निघून अधांतरी वर जातो, आणि वर बघितलं की थेट घुमट. प्रत्येक मजल्यावर चारी बाजूंनी गॅलरी. खाली जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा. 1896 च्या प्लेगने मुंबई उजाड झाली होती, त्यानंतर दोन-तीन वर्षांत या माणसाने इथे हॉटेल काढायचं ठरवलं, आणि हॉटेल उघडल्यावर पाच-सहा महिन्यांत, 1904 च्या मे मध्ये, तो गेलासुद्धा. इंग्रजांच्या वॉटसन हॉटेलात त्यांना घेतलं नाही म्हणून हे बांधलं ही गोष्ट पण आपण सगळे सांगतो, तिच्यावरही जाणकारांमध्ये वाद आहेत. एका संध्याकाळी माझ्या दोन गोष्टी गेल्या! पहिल्या महायुद्धात इथे 600 खाटांचं हॉस्पिटल होतं हे मात्र नवीन मिळालं, तेव्हा हिशोब बरोबरीत.

लॉबीत 26/11 ला इथे गेलेल्या 31 जणांच्या नावांचं स्मारक आहे. 2008 ला माझं लग्न व्हायचं होतं, तीन दिवस आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून होतो, घुमटाजवळून निघणारा धूर बघत. आत उभं राहून त्याच गॅलऱ्या बघताना अंगावर काटा आला. पॅलेसचा भाग दुरुस्त होऊन परत उघडला तो 15 ऑगस्ट 2010 ला. इमारत फिरवून दाखवणारा माणूस यावर फार बोलला नाही, आम्हीपण विचारलं नाही.

सी लाउंजला खिडकीची जागा मिळाली ते केवळ पावसामुळे असं मला वाटतं. इथे श्रीमंत घरातली मुलं-मुली एकमेकांना 'बघायला' यायची जुनी पद्धत, म्हणजे आपल्याकडे कांदेपोहे आणि त्यांच्याकडे सी लाउंज. मी शेवपुरी मागवली. हो, ताजमध्ये शेवपुरी मिळते, आणि चांगली असते, पुरी कुरकुरीत, चटणी जरा गोडसर. चौपाटीची सर नाही पण चौपाटीवर समोर चांदीसारखी किटली आणि मागे पियानोपण नसतो. किंमत विचारू नका. नवऱ्याने हार्बर बारमध्ये एक बिअर घेतली, कारण तो बार 1933 चा आणि शहरातला पहिला परवानाधारक बार, त्यामुळे ती बिअर नसून इतिहासाचा अभ्यास होता असं त्याचं म्हणणं.

रात्रीचं जेवण मात्र आत नाही केलं. ताजच्या मागच्याच गल्लीत बडेमियाँ, आणि नवऱ्याच्या मते कुलाब्यात येऊन बैदा रोटी न खाणं पाप. तेव्हा पॅलेसमध्ये राहणारे आम्ही दोघं छत्री धरून उभ्याने बैदा रोटी आणि सीख कबाब खाल्ले आणि कबाबच्या वासासकट परत त्या स्कॅनरमधून आत गेलो. दारावरच्या माणसाने हसून गुड इव्हिनिंग म्हटलं. त्याला सवय असावी.

रात्री दोनला मला जाग आली (शांतता जास्त झाली) म्हणून गॅलरीत येऊन उभी राहिले. एवढ्या मोठ्या इमारतीत एक माणूस नाही, खाली जिना, वर घुमट, दिवे मंद. मुंबईत 40 वर्षं काढली पण मुंबईत एकटी उभी आहे असं पहिल्यांदाच झालं. पाच-दहा मिनिटांनी भीती वाटायला लागली म्हणून आत गेले, ते सोडा.

सकाळी सहाला समोरच्या बाजूला गेलो. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, त्यामुळे गेटवे रिकामं, समुद्र चहाच्या रंगाचा, कठड्यावर लाटा आपटतायत. एक कुटुंब ताजसमोर फोटो काढत होतं आणि आम्ही दोघं हॉटेलच्या दारातून बाहेर येताना त्यांच्या फोटोत आलो. त्या इमारतीच्या नुसत्या रूपाला 2017 मध्ये ट्रेडमार्क मिळालाय, भारतात इमारतीला मिळालेला पहिला, तेव्हा आता आम्हीही थोडे रजिस्टर झालो समजा.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. भाडं रोज बदलतं म्हणून आकडा देत नाही, आमच्या घराच्या महिन्याच्या हप्त्याच्या थोडं पुढे गेलं एवढं सांगते, आणि वर 18 टक्के जीएसटी, तो बघायचा राहिला की चेहरा उतरतो. डिसेंबर म्हणजे लग्नं आणि एनआरआय, तेव्हा विसरा, जुलै-ऑगस्टमध्ये त्यातल्या त्यात परवडतं. नाश्ता भाड्यात धरूनच बुक करा, आणि सकाळी दोन तास काढून बसा. पोहायचं असेल तर कॉस्च्युम न्या, मी पंजाबी ड्रेसमध्ये पावसात पाय सोडून बसले तेवढंच. आणि समुद्रासमोरच्या खोलीसाठी जीव टाकू नका. समुद्र बाहेर कठड्यावर फुकट आहे, आतली बाजू मात्र आत गेल्याशिवाय मिळत नाही.

दशम्या परतीच्या ट्रेनमध्ये मस्जिद ते दादर दरम्यान खाल्ल्या. घरी पोचल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, काय काय खाल्लंत? शेवपुरी, म्हटलं. कितीला? मी म्हटलं, पन्नास रुपये. त्या म्हणाल्या, लुटतात मेले.