बोर्डो की कॉपर ऑक्सिक्लोराइड? परसातल्या लिंबासाठी

लिंबावर खैऱ्या (खरबरीत तपकिरी डागांचा रोग) आणि टोमॅटोवर करपा दिसला की दुकानदार बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड पुढे करतो. दोन्ही तांब्याचीच औषधं: बोर्डो म्हणजे मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुना घरी कालवून केलेलं, कॉपर ऑक्सिक्लोराइड म्हणजे तयार पावडर. दोन्ही रोग पसरू नये म्हणून मारायची. पानावर आलेला डाग कशानेच पुसला जात नाही. भुरीला (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला) मात्र तांबं नको, तिथे गंधकच.

बोर्डो स्वस्त आणि चिवट. एक टक्क्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटरमध्ये वेगवेगळं कालवून, चुना गाळून, दोन्ही धारा एकदमच तिसऱ्या बादलीत सोडायच्या आणि ढवळत राहायचं. एकदा वाळलं की पावसाच्या सरींनाही सहसा दाद देत नाही. इथे कॉपर ऑक्सिक्लोराइड मागे पडतं, हे मान्य.

घोडं अडतं ते चुन्यापाशी. पावसाळी हवेत पुडीतला चुना ओल धरतो, खड्यांची फक्की होते आणि जोर जातो. वजन 100 ग्रॅमच भरतं, पण मोरचुदाची आम्लता मारायला तो पुरत नाही. मग मोकळं राहिलेलं तांबं कोवळी पालवी जाळतं आणि आपल्याला वाटतं रोगच वाढला. म्हणून घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याचं गाळलेलं पाणी थोडं-थोडं घालत जायचं, थर चढायचा थांबेपर्यंत. हा सगळा खटाटोप दर फवारणीला, कारण कालवलेलं बोर्डो त्याच दिवशी संपवावं लागतं. एका लिंबासाठी आणि चार कुंड्यांसाठी मला तरी हे परवडत नाही.

कॉपर ऑक्सिक्लोराइडची 50 टक्क्यांची पावडर लिटरला अडीच ते तीन ग्रॅम पुरते. आधी वाटीभर पाण्यात गुठळी मोडायची, मग पंपात. पावडर तळाला बसते, त्यामुळे पंप मधूनमधून हलवला नाही तर एका झाडाला दाट आणि दुसऱ्याला नुसतं पाणी जातं. पावसाने लवकर धुपतं, म्हणून स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) हवंच. पण आपल्या मराठवाड्यात पाऊस खंड देत पडतो, पुन्हा मारायला उघडीप मिळते. कोकणात राहत असतो तर कदाचित बोर्डोच धरलं असतं.

खैऱ्याच्या फांद्या मात्र आधी छाटून जाळा आणि नागअळीकडे बघा. तिने पोखरलेल्या पानांतून खैऱ्या सहज आत शिरतो, आणि त्या अळीला तांब्याने काही होत नाही.

डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) खोडाला लावायला मात्र बोर्डो पेस्टच. जालन्याकडचे मोसंबीवाले ती लावतात. एका झाडाला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी भरपूर झालं. मृगाआधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत. जुन्या सालीवर पालवी जळायची भीती नाही, त्यामुळे चुना थोडा उतरलेला असला तरी निभावतं. लोखंडी बादली तेवढी यालाही नको.