हायड्रोजनचं पाणी की नाकातला स्प्रे?

वडोदऱ्यात, आमच्या दांडिया बाजारच्या मराठी घरांत, थंडी सरताना ॲलर्जीच्या शिंका सुरू होतात. हल्ली सोबत सल्लाही येतो: हायड्रोजनच्या पाण्याचं, म्हणजे हायड्रोजन वायू विरघळवलेल्या पाण्याचं, मशीन घ्या, नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे सोडा.

हायड्रोजनमागची कल्पना पोकळ नाही. 2007 मध्ये जपानी संशोधकांनी ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की हा वायू पेशींना फार इजा करणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे कण निवडून निष्प्रभ करतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाह कमी झालेलाही दिसला. माणसांवरचे अभ्यास मात्र छोटे आहेत. शिवाय नेहमीच्या हवामानात, साध्या दाबाला लिटरभर पाण्यात जेमतेम 1.6 मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो आणि उघड्या पेल्यातून भराभर उडतो. सकाळी भरलेला तांब्या दुपारी प्यायलात, तर ते साधं पाणीच.

स्प्रे थेट नाकातल्या सुजेवर काम करतो, आणि ते मोठ्या चाचण्यांत दिसलंय. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्या दिवशीच कंटाळतात. मारायची पद्धतही महत्त्वाची: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, नळीचं टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर फवारा बसला की घोळणा फुटू शकतो. स्टेरॉइड म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: नव्या स्प्रेंमधलं औषध रक्तात अगदी थोडं जातं.

माझं मत सरळ स्प्रेच्या बाजूने. हौस असेल तर पाणी प्या, पण शिंकांसोबत दमाही असेल आणि त्याचा पंप बंद करायला कुणी सांगितलं, तर तिथल्या तिथे नाही म्हणा.