ई-प्रबंध कक्ष, विद्यापीठ ग्रंथालय : साडेतीन तारे, दीड कापला तो फॉन्टसाठी

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर माझं टायपिंग-बाइंडिंगचं दुकान आहे. प्रबंध टाइप करायचे, पानं लावायची, काळ्या-मरून रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उठवायची, हा धंदा. प्रबंधांच्या डिजिटल फाइली तपासून घेणाऱ्या ई-प्रबंध कक्षात खेटे घालतात ती पीएचडीची मुलं, पण तिथून परत आलेली प्रत्येक फाइल शेवटी माझ्याच टेबलावर येते. म्हणून हा अभिप्राय मी लिहिला तर कुणाची हरकत नसावी. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं निम्मं गिऱ्हाईक तिथलंच आहे.

आधी कसं होतं ते सांगते. बांधलेल्या प्रतीच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून खिसा करायचा आणि त्यात सीडी. लॅपटॉपमधून सीडीचे ड्राइव्ह कधीच गेले होते, तरी खिसा चालूच. मुलं व्हायवा (तोंडी परीक्षा) देऊन पेढे वाटून झाली की मग ग्रंथालयाला कळायचं, सीडीवर सबंध प्रबंधाची एकच फाइल आहे. शोधगंगेला, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवणाऱ्या ऑनलाइन भांडाराला, प्रकरणवार फाइली लागतात. त्या करून दिल्या की कळायचं, प्रमाणपत्राच्या पानावर सही नाही. सही आणली की फाइलींची नावं चुकली. एका वेळी एकच चूक सांगायची, अशी तिथे जणू प्रथाच होती.

यात पदवी अडकते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमात पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत सॉफ्ट कॉपी पाठवा, असं होतं. २०१६ च्या नियमाने क्रम फिरवला : आधी शोधगंगा चालवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे प्रत, मग पदवीची घोषणा. २०२२ च्या नियमातही तेच राहिलं. म्हणजे ग्रंथालयाचं टेबल थेट पदवीच्या वाटेवर आलं आणि तिथली दिरंगाई मुलांच्या नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पोचायला लागली.

आता कक्ष नवा केलाय, आणि कौतुक करायचं तिथे हात आखडता घेणार नाही. सीडी बंद. फाइल पेनड्राइव्हवर न्या नाहीतर लिंकवरून चढवा. सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे तपासणी व्हायवानंतर न ठेवता प्री-सबमिशनच्या, म्हणजे प्रबंध शेवटचा सादर करण्याआधीच्या, टप्प्यावर आणली. त्या वेळी मुलाच्या हातात वेळ असतो, गाइड गावात असतात, सहीला माणूस सापडतो. आणि आता चुकांचा एकच कागद देतात, सगळ्या चुका एकदम. या एका कागदाने माझ्या दुकानातली निम्मी रडारड थांबली.

फाइलींच्या नावांचा नमुनाही भिंतीवर लावलाय. एक नंबरला मुखपृष्ठ, पुढे प्रमाणपत्रं, अनुक्रमणिका, प्रकरणं, आणि शेवटी एकदम ऐंशी नंबरची ‘रेकमेंडेशन’ फाइल, जिच्यात मुखपृष्ठ आणि निष्कर्ष एकत्र जोडायचे. मधले आकडे कुठे गेले, हे प्रत्येक मूल विचारतं. मी सांगते, बाळा, मोकळे ठेवलेत, तू लिहिलं असतंस तर भरले असते.

कक्षातल्या मॅडम कामाला चोख आहेत. फाइल उघडली की आधी पासवर्ड आहे का बघतात. आमच्या धंद्यातले काही जण चोरी होऊ नये म्हणून पीडीएफला कुलूप लावून देतात, ते तिथेच परत. मग कंट्रोल-डी दाबून फॉन्टची यादी काढतात आणि प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (फाइलमध्येच बसवलेला) आहे का ते बोट लावून वाचतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी फॉन्टकडे बघतंय!

पण गाडी तिथेच थांबते, आणि माझा दीड तारा तिथेच जातो.

फॉन्ट फाइलमध्ये बसवलेला असला की अक्षर पडद्यावर नीट दिसतं, एवढंच. आतमध्ये मराठी आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही. आमच्या व्यवसायात वर्षानुवर्षं श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव हेच चाललं आणि आजही खूप ठिकाणी चालतं. हात बसलेले असतात, पेजमेकरच्या जुन्या फाइली असतात, गाइडना तेच वळण आवडतं. हे फॉन्ट देवनागरीचं नुसतं चित्र दाखवतात. आत साठतात ती इंग्रजी कळफलकाची अक्षरं. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द पीडीएफमधून उचलून नोटपॅडमध्ये टाका, तिथे ई, जे, के, बी, एच उमटेल. तीनशे पानांचा प्रबंध असा असतो. दिसायला देखणा, शोधायला गेलं तर एक शब्द हाती लागत नाही. पुस्तकं कपाटात लावावीत आणि सगळ्यांच्या पाठी भिंतीकडे कराव्यात, तसं ते.

शोधगंगेवर पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत, कुणालाही फुकट वाचता येतात, प्रत्येकाला कायमचा हँडल क्रमांक (न बदलणारी लिंक) मिळतो. मला तर तो देशातला सगळ्यात कामाचा सरकारी उपक्रम वाटतो. पण तो चालतो डीस्पेस नावाच्या सॉफ्टवेअरवर, आणि डीस्पेस आपण जे चढवू त्याचीच सूची करणार. इथून ई-जे-के-बी-एच गेलं तर तिथे मराठी कुठून उगवणार?

दुसरा भाग तर गमतीचा आहे. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीसमध्ये दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, चाळीस ते साठमध्ये एक वर्ष सादर करायला बंदी, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आता जुन्या फॉन्टची पीडीएफ साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला द्या. त्याला दिसते नुसती अक्षरांची खिचडी, आणि युनिकोडमधल्या, म्हणजे आत खरी देवनागरी साठवणाऱ्या पद्धतीतल्या, कुठल्याच मराठी लिखाणाशी ती जुळत नाही. अहवाल शून्याजवळ. मूल खूश, गाइड खूश, कक्षातही शिक्का. मन लावून स्वतः लिहिणारी मुलगी युनिकोडमध्ये टाइप करून आणते आणि अवतरणांमुळे तिचं साम्य आठ-नऊ टक्के निघतं, तेव्हा तिच्याकडे संशयाने बघतात. हे माझ्या काउंटरवर उभं राहून ऐकलेलं संभाषण आहे.

उपाय महागडा नाही. मॅडमनी कंट्रोल-डीनंतर प्रत्येक प्रकरणातली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये डकवावी. देवनागरी आली तर ठीक, नाही आली तर चुकांच्या कागदावर एक ओळ वाढवावी. हे प्री-सबमिशनलाच सांगितलं तर मूल आमच्याकडे परत येईल, आणि आम्ही जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर चालवून देऊ. कन्व्हर्टरही डोळे मिटून चालवायचा नसतो. रफार हमखास सरकतो, ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो, ‘ऱ्या’ची वाट लागते. ते मुद्रितशोधन संशोधकानेच करायचं, त्याला दोन आठवडे लागतात. व्हायवानंतर ते दोन आठवडे कुणाकडे नसतात.

युनिकोडमध्ये टाइप केलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असंही नाही. पीडीएफ कुठल्या रस्त्याने केली त्यावर ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरं फुटतात. म्हणून पीडीएफबरोबर मूळ वर्ड फाइलही ठेवून घ्यावी, असं मी कक्षात दोनदा सुचवलं. ‘आमच्या नियमात नाही’ असं उत्तर मिळालं. नियमात चहाही नाही, तो येतोच की.

प्रबंधाच्या सूचीतल्या नोंदीचा अर्ज आता संशोधक स्वतः ऑनलाइन भरतो. वेळ वाचला, पण मराठी शीर्षक रोमनमध्ये लिहायला लावतात, आणि ‘साहित्य’ हा शब्द प्रत्येक जण आपल्या मर्जीने लिहितो. कुणी एक ए घालतो, कुणी दोन, कुणी शेवटचा खाऊन टाकतो. डीस्पेसमध्ये पर्यायी शीर्षकाला वेगळा रकाना असतो. देवनागरी, रोमन आणि इंग्रजी अर्थ, तिन्ही भरून घेता येतील. गाइडच्या नावाचंही तसंच. एकाच सरांची आद्याक्षरं चार प्रकारे लिहिली, तर सूचीत चार सर तयार होतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचे तर प्रबंध एका नावाने आणि लेख दुसऱ्या नावाने. हे काम मुलांवर सोडायचं नाही. इथे ग्रंथपालाचा डोळा हवा, त्याचं शिक्षणच त्यासाठी झालेलं असतं.

परिशिष्टांकडे कुणीच बघत नाही, याचा मात्र मला राग येतो. समाजशास्त्राच्या, शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत मागे उत्तरदात्यांची यादी असते, नाव-गाव-मोबाईलसकट. बांधलेल्या प्रतीत ती कपाटात धूळ खात पडायची. आता ती जगाला उघडी होते. अंगणवाडी सेविकेने एका मुलीला विश्वासाने सांगितलेलं पगाराचं दुखणं असं तिच्या नंबरासकट चढवायचं? मी बाइंडिंगला आलेल्या फाइलीत असं दिसलं की मुलांना काढायला सांगते. खरं तर हे चुकांच्या कागदावर पहिल्या क्रमांकाला असायला हवं.

जुने प्रबंध स्कॅन करायचं कामही सुरू आहे, त्यावर फार बोलत नाही. स्कॅन स्वच्छ आहेत, पण पानं नुसती चित्रं आहेत, त्यांवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं तंत्र) चालवलेला नाही. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं. टाइपरायटरवरच्या प्रबंधांत त्याची दमछाक होईल, हे मान्य. निदान पुढचे छापील तरी घ्यावेत.

जाणार असाल तर दुपारी तीननंतर जा, सकाळी सगळे विभागांतले शिपाई गठ्ठे घेऊन उभे असतात. सह्यांची पानं रंगीत स्कॅन करून न्या. पेनड्राइव्ह आधी व्हायरससाठी तपासा, नाहीतर लावूनच घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. नोटपॅडची परीक्षा घरीच घेऊन बघा. नापास झालात तर माझं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, रविवारी बंद.