टॉप फ्लोअरच्या गच्चीवर टायमरवाली ठिबक, घ्यायची का नाही

आधीच सांगून टाकते, किट घ्या, पण टायमर घ्यायच्या आधी आपल्या नळाला दाब किती आहे ते बघा. मी बघितलेल्या रिव्ह्यूंमध्ये हे कुणी धड लिहिलेलं नव्हतं. सगळे नुसते "मस्त प्रॉडक्ट, डिलिव्हरी वेळेत" असं लिहून मोकळे, म्हणून हे एवढं मोठं टाईप करतेय.

आमचं घर सिंहगड रोडला, सगळ्यात वरचा मजला, फ्लॅटला लागून छोटी गच्ची आणि डोक्यावर डायरेक्ट सोसायटीची टाकी. घरून काम सुरू झालं तेव्हा दोन-चार कुंड्या होत्या, मग मीटिंग संपली की गच्चीत, जेवण झालं की गच्चीत असं करता करता कढीपत्ता, मिरची, वांगी, वडीचा अळू, मोगरा, जास्वंद, गवती चहा, दोडक्याचा एक वेल असं बरंच काय काय जमलं. सगळ्या ग्रो बॅग, आत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गांडूळखत आणि थोडी लाल माती, कारण गच्चीवर वजन नको. आता कोकोपीटची गंमत अशी की ते ओलं आहे तोवर छान पाणी धरतं, पण एकदा का पूर्ण वाळलं की पाणी प्यायलाच तयार होत नाही, वरून घातलेलं कडेकडेने सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं घातलं की भरपूर. मी घरात होते तोवर याचा त्रास नव्हता, दिवसातून दोनदा फेरी व्हायचीच.

मग ऑफिसने आठवड्यातून तीन दिवस खराडीला बोलवायला सुरुवात केली. उड्डाणपूल झाले तरी जायला सव्वा-दीड तास आणि यायला तेवढाच, सकाळी डबे, पोराची स्कूलबस, यात कुंड्यांना पाणी घालायला जीव उरत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना झारी उचलायला लावणं बरोबर नाही. कामाच्या मावशींना सांगून बघितलं तर त्या बिचाऱ्या प्रेमाने एवढं पाणी घालायच्या की खालच्या मजल्यावरून फोन यायचा. एप्रिलमध्ये दोन वांग्याची झाडं माना टाकून बसली तेव्हा नवरा म्हणाला की आता ऑटोमॅटिक काहीतरी करू.

तर ऑनलाइन मिळणारं एक किट मागवलं, हजार-बाराशेच्या आसपास. त्यात १६ एमएमची काळी मुख्य नळी, ४ एमएमची बारीक नळी, जॉइनर, एंड कॅप, नळी टोचायचा पंच आणि ते लाल टोपीचे फिरवून कमी-जास्त करता येणारे ड्रिपर, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं. जोडणं खरंच सोपं आहे, नळ्या तासभर उन्हात टाकल्या किंवा टोक गरम पाण्यात बुडवलं की मऊ पडतात आणि पटापट बसतात. रविवारी दुपारी बापलेकांनी मिळून जोडलं, मी फक्त कुठली कुंडी कुठे एवढं सांगत होते.

घोळ झाला टायमरचा. नवऱ्याने मागवलेला टायमर दिसायला भारी, मोठी स्क्रीन, दिवसातून हव्या तितक्या वेळा लावा. पण तो आमच्या नळाला चालेचना, कधी पाणी यायचंच नाही आणि कधी वेळ संपली तरी थेंब थेंब चालूच. कंपनीचं नाव घेत नाही कारण वस्तू बिघडलेली नव्हती, खोक्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की किमान ०.५ बार दाब लागतो. आता हा बार काय प्रकार तर सोपं आहे, पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. आमची टाकी नळाच्या वर जेमतेम अडीच मीटर, म्हणजे पाव बार. या टायमरमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व म्हणजे विजेवर चालणारी झडप असते, आत एक रबरी पडदा, आणि तो पडदा उघड-बंद होतो तो पाण्याच्याच जोरावर, जोरच नसेल तर तो नीट उघडतही नाही आणि नीट बसतही नाही. म्हणजे गंमत बघा, टॉप फ्लोअर, वर टाकी, आणि पाण्याला दाब सगळ्यात कमी आपल्यालाच!

हे समजलं ते माझ्या मामामुळे. मामा तासगावचा, द्राक्षाची बाग आहे, ठिबकमध्ये आयुष्य गेलं. व्हिडिओ कॉलवर त्याला सगळं दाखवलं तर आधी पोट धरून हसला, म्हणाला, "अगं हे खेळणं कुठनं आणलंस?" आणि मग एकदम सिरीयस होऊन, "दाबच न्हाई तुझ्या नळाला, त्या मशीनीला कशाला शिव्या देतीस." मग त्याने सांगितलं की बॉल व्हॉल्ववाला टायमर बघ. त्यात भोक पाडलेला एक गोळा असतो आणि छोटी मोटर तो फिरवते, पाण्याला जोर असो नसो तिला फरक पडत नाही. खोक्यावर किमान दाब शून्य बार असं लिहिलेलं असतं, तेच शोधायचं. पहिला टायमर परत केला, पैसे विनातक्रार मिळाले, आणि हा दुसरा घेतला अडीच हजारच्या आसपास. उघडताना घर्र असा आवाज करतो आणि पाच-सहा सेकंद घेतो, पण रोज वेळेवर उघडतो आणि घट्ट बंद होतो. मला यापेक्षा जास्त काही नको.

मामाने अजून दोन गोष्टी करायला लावल्या ज्या किटच्या पुस्तिकेत नाहीत. एक म्हणजे मुख्य नळीचं शेवटचं टोक कॅप लावून बंद न करता फिरवून परत सुरुवातीला आणून जोडायचं, म्हणजे गोल रिंग करायची, त्याने दोन्हीकडून पाणी येतं आणि शेवटच्या कुंडीवर अन्याय होत नाही. दुसरं म्हणजे ते लाल टोपीचे ड्रिपर काढून टाकायचे. कमी दाबावर ते एकसारखे कधीच लागत नाहीत, पहिल्या कुंडीत धार आणि शेवटच्या कुंडीत नुसती आशा. त्याऐवजी शेतीच्या ठिबकच्या दुकानातून साधे ताशी ४ लिटरचे ड्रिपर आणले, अगदी किरकोळ किमतीला मिळतात. दुकानदार पीसी म्हणजे प्रेशर कॉम्पेन्सेटिंगवाले, दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखंच सोडणारे, देत होता, भारीचे म्हणून, पण त्यांना आतून काम करायलाच दाब लागतो, त्यामुळे आमच्यासारख्यांनी ते घेऊ नयेत.

बसवल्यावर प्रत्येक ड्रिपरखाली रिकामी वाटी ठेवून मोजलं, हे नक्की करा, फार वेळ लागत नाही. ड्रिपरवर लिहिलेले ४ लिटर हे १ बार दाबाला असतात, दाब पाव झाला की पाणी साधारण निम्मं होतं, म्हणजे आमच्याकडे ताशी २ लिटर. १२ इंची ग्रो बॅगेला कडक उन्हाळ्यात लिटरभर पाणी लागतंच, मग सकाळी सहाला १५ मिनिटं आणि संध्याकाळी सहाला १५ मिनिटं असं लावलं. एकदम अर्धा तास सोडण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं हे कोकोपीटला जास्त मानवतं, वाळायला वेळच मिळत नाही. वांग्याला आणि दोडक्याला दोन-दोन ड्रिपर. जेड, अडेनियम, स्नेक प्लांट यांना लाइनवर घेतलंच नाही, ती रोजच्या पाण्याने कुजतात.

आणि तुळस. तुळशीला नळी लावायला घेतली तर सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुळशीला काय मशीन पाणी घालणार का आता? तेवढी राहू दे, मी घालते तांब्याने." विषय संपला. तुळस सोडून बाकी सगळे ठिबकवर.

आता न आवडलेलं. बॅटरी. ट्रिपल ए (AAA) साइजच्या दोन लागतात आणि अल्कलाइनच घाला, रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यावर आमचा टायमर लवकर लो बॅटरी दाखवायला लागला. बॉल व्हॉल्वमध्ये एक खरी भीती आहे की व्हॉल्व उघडा असताना बॅटरी संपली तर तो तसाच उघडा राहू शकतो, आणि मग टाकी रिकामी होईपर्यंत सोसायटीत आपलं नाव निघत राहणार. काही मॉडेलमध्ये बॅटरी कमी झाली की आपोआप बंद व्हायची सोय असते, विचारून घ्या, आणि गावाला जाताना सेल नवेच टाकून जा. टायमरवर थेट ऊन आणि पाऊस नको, आम्ही वर तेलाचा कापलेला डबा उपडा घातलाय, दिसतं भिकार पण चालतं.

दुसरं, चोंदणं. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी आलं की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात. टायमरनंतर लगेच एक छोटा जाळीचा फिल्टर लावा, किटमध्ये नसतो, आणि चोंदलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले की मोकळे होतात. गुरुवारी पालिकेचं पाणी बंद असलं की दुसऱ्या दिवशी गढूळ येतं, तेव्हा फिल्टर शनिवारी धुवायचा असा आमचा नियम झालाय.

पावसाळ्यात मात्र याला पूर्ण सुट्टी. टायमरवर रेन डिलेचं बटण असतं, दोन-तीन दिवस पुढे ढकलता येतं, पण मृगाचा पाऊस नीट लागला की मी सेलच काढून ठेवते. ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की परत चालू.

अजून एक प्रकार माझ्या लक्षात उशिरा आला, तो किटचा दोष नाही पण लिहून ठेवते. पाणी घालायला जायचं कारणच उरलं नाही म्हणून आठवड्यात गच्चीत फिरकणं कमी झालं आणि तेवढ्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पसरला, कळ्यांना सगळा पांढरा कापूस. आधी रोज हात फिरायचा त्यामुळे पहिल्या दोन किड्यांतच कळायचं. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब असं करून संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारलं, आठवड्याने परत फवारलं, तेव्हा कुठे आटोक्यात आलं. आता ऑफिस नसेल त्या दिवशी सकाळचा चहा गच्चीतच घेते, पानं उलटी करून बघत.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो बारीक नळीच्या क्वालिटीसाठी, उन्हाने कडक होऊन जोडाशी चिरते. बदलताना काळीच घ्या, पारदर्शक नळीत शेवाळ धरतं, आणि शेतीच्या दुकानात ती मीटरवर सुटी मिळते, किटवाल्याकडून महाग पॅकेट घ्यायची गरज नाही.

आणि जे खालच्या मजल्यांवर राहतात त्यांच्यासाठी, तुमचं गणित उलटं आहे. माझी बहीण १२ मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते, टाकी ३० मीटरच्या वर, म्हणजे ३ बार. तिने माझं बघून हेच किट बाल्कनीत लावलं आणि पहिल्याच सकाळी सहाला जोड फटाफट निघाले, खाली पहिल्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर कारंजं. तिला सोलेनॉइडवाला टायमर चालला असता, पण त्याच्या पुढे प्रेशर कमी करायचा रेग्युलेटर लावावाच लागतो, तो तिने आता लावलाय. चादरी तिनेच धुवून दिल्या.