यलो लॅब, असेई आणि रस्टी: चार फुटी टँकचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये चार फुटी टँक मांडला. आज त्यात १९ मासे आहेत: ७ यलो लॅब, ६ असेई आणि ६ रस्टी. तिन्ही जाती आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या, सिक्लिड नावाच्या मत्स्यकुळातल्या. इथवर येताना ५ मासे मेले आणि ५ दुकानात परत द्यावे लागले. त्या दहांपैकी आठ गेले ते केवळ मी निवड चुकवली म्हणून. पाणी चांगलं होतं, फिल्टर चांगला होता. म्हणून सामानाबद्दल थोडक्यात लिहिते आणि कोणासोबत कोण राहू शकतं यावर जास्त.

टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५० लिटर. बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर, जोडीला एक स्पंज फिल्टर, २०० वॉटचा हीटर. दगड खाणीतला काळाच घेतला. बसाल्ट पाण्यात विरघळत नाही आणि माशांच्या रंगाला मागे छान दिसतो. दगड आधी थर्माकोलवर ठेवले आणि वाळू नंतर घातली, हे फार बरं झालं. हे मासे रात्रंदिवस वाळू उकरतात. वाळूवर रचलेला दगड एक दिवस खाली येतो, आणि खाली काच असते.

मासे आणण्याआधी टँक पाच आठवडे नुसता चालवला. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला तेवढा वेळ लागतोच. आफ्रिकन सिक्लिडसाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण त्यांना वरच्या पीएचचं (कमी आम्लाचं) पाणी लागतं, आणि पीएच जितका वर तितका अमोनिया जास्त विषारी. साडेसहा पीएचला जेवढा अमोनिया मासा कसाबसा सोसतो, तेवढाच सव्वाआठला त्याचा जीव घेऊ शकतो. टेस्ट किटला पैसे लागतात, पण दिव्यात काटकसर करा, किटमध्ये करू नका.

आता चुकीकडे येते. सप्टेंबरअखेर दुकानात गेले तेव्हा मुलगी सोबत होती. एका टँकवर ‘मिक्स आफ्रिकन’ अशी पाटी होती आणि आत दीड-दोन इंचाची रंगीबेरंगी पिल्लं. तिने बोट दाखवलं, दुकानदाराने जाळी घातली, आम्ही बारा मासे घेऊन घरी आलो. त्यात ५ यलो लॅब, ३ केशरी झेब्रा, २ ऑराटस, १ पीकॉक आणि एक आजवर न ओळखता आलेला मासा होता. तेव्हा मला यातलं एकही नाव माहीत नव्हतं.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं, आणि याच काळात माणूस फसतो. पिल्लं असताना सगळेच गुण्यागोविंदाने राहतात. ऑराटस तर सगळ्यांत देखणा, पिवळ्या अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे. डिसेंबरात दोघांपैकी एकाचा रंग फिरू लागला. पिवळा होता तिथे काळा, काळा होता तिथे फिकट. तो नर निघाला. तीन इंचाचाही नव्हता, पण अर्धा टँक त्याने ताब्यात घेतला. पीकॉक पहिला गेला. तो मऊ स्वभावाचा, वाळूवर रमणारा मासा, त्याला या टोळीत टाकायलाच नको होतं. मग एक झेब्रा गेला. मग एक लॅब, जो आठवडाभर हीटरच्या मागे उभा होता, शेपटीचा पंख फाटलेला. माझी मुलगी रोज शाळेतून आल्यावर आधी हीटरमागे बघायची. त्या आठवड्याची मला आजही खंत वाटते, कारण पहिल्या दिवशीच ऑराटस बाहेर काढला असता तर तो लॅब वाचला असता.

दोन्ही ऑराटस परत दिले. उरलेले झेब्रा आणि तो अनोळखी मासाही दिला. झेब्रा देण्याचं कारण भांडण नव्हतं. केशरी झेब्रा आणि यलो लॅब यांचा संकर सहज होतो, आणि बाजारात ‘यलो लॅब’ म्हणून मिळणारी बरीच पिल्लं अशीच मिश्र असतात. घेताना पाठीवरच्या पंखाची कडा बघा. अस्सल लॅबच्या त्या कडेला ठळक काळी पट्टी असते. अंगावर केशरी झाक किंवा ठिपके दिसले तर सोडून द्या.

त्यानंतर मी महिनाभर एकही मासा आणला नाही. नुसती माहिती काढली, एका जुन्या मत्स्यपालकांकडे जाऊन त्यांचे टँक पाहिले. ते म्हणाले, ‘रंग शेवटी बघा. आधी तुमचं पाणी, मग त्याचं खाणं, मग त्याचा राग.’ माझी आताची सगळी निवड याच क्रमाने झाली.

पाणी: आमच्याकडे महापालिकेचं, म्हणजे खडकवासल्याचं पाणी येतं. ते मृदू आहे, म्हणजे त्यात क्षार कमी. माझ्या किटवर नळाचा पीएच ७.४ येतो. मलावीच्या माशांना साधारण ७.७ ते ८.६ आणि बऱ्यापैकी कठीण पाणी लागतं. मी कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून शिंपल्यांचा चुरा आणला, धुऊन जाळीच्या पिशवीत भरला आणि फिल्टरमध्ये ठेवला. काही आठवड्यांत पीएच ७.९ वर स्थिरावला. प्रवाळ मात्र समुद्रावरून उचलून आणू नका, आपल्याकडे ते कायद्याने संरक्षित आहे. ज्यांच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे त्यांना बहुधा काहीच करावं लागणार नाही. आणि पाणी मृदूच ठेवायचं असेल तर दक्षिण अमेरिकेतले एंजल किंवा रॅम घ्या, तेही सिक्लिडच आहेत. फक्त त्यांना या आफ्रिकनांसोबत ठेवू नका. पाणी वेगळं, खाणं वेगळं, आणि एंजलच्या लांब पंखांचं इथे काही खरं नाही.

खाणं: मलावीत खडकांवर राहणाऱ्या या माशांना मबुना म्हणतात. बहुतेक मबुना दगडावरचं शेवाळ खरवडून जगतात, त्यांचं आतडं लांब असतं. दुकानात ‘लवकर वाढतील’ म्हणून सुकवलेले किडे देतात. मी फेब्रुवारीत दोन आठवडे दिले. एका लॅबचं पोट फुगलं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसू लागली, खाणं सुटलं आणि तो गेला. तेव्हापासून स्पिरुलिना या शेवाळाचे दाणे दिवसातून दोनदा, थोडेच. रविवारी उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान दगडाखाली दाबून ठेवते, अर्ध्या तासात फक्त शिरा उरतात. पीकॉकला याहून जास्त प्रथिनं लागतात, म्हणजे खाण्याच्या दृष्टीनेही तो इथे बसत नव्हता.

राग: इथे दोन गोष्टी कामाला आल्या. एक, दिसायला एकमेकांसारख्या जाती एकत्र ठेवायच्या नाहीत, कारण नर आपल्यासारख्याच दिसणाऱ्यावर आधी तुटून पडतो. सौलोसी या दुसऱ्या मबुना जातीच्या माद्या मला फार आवडल्या होत्या, पण त्याही पिवळ्याधमक, लॅबसोबत नकोच. दोन, जाती कमी आणि प्रत्येक जातीचे मासे जास्त. एका नराला किमान तीन माद्या असल्या की त्याचा पाठलाग विभागला जातो. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून एका जातीची सहा-आठ पिल्लं घ्यायची आणि जादा नर पुढे काढायचे, एवढाच व्यवहार्य मार्ग.

म्हणून उरलेल्या चार लॅबमध्ये आणखी चार घातले. जानेवारीत सात असेई आले आणि शेवटी मुंबईहून सहा रस्टी.

लॅब हा मबुनातला शांत मासा, नवख्याने इथून सुरुवात करावी. शास्त्रीय नावात ‘केरुलियस’ म्हणजे निळा असा शब्द आहे. १९५६ मध्ये वर्णन झालं ते निळसर-पांढऱ्या माशाचं, आपल्या ओळखीचा पिवळा प्रकार त्याच सरोवरातल्या दुसऱ्या भागातला. असेई निळसर जांभळा, शेपूट पिवळी. तो सरोवरात बुडालेल्या लाकडांभोवती थव्याने फिरतो, म्हणून टँकच्या वरच्या भागात पोहतो आणि दगडांसाठी भांडत नाही. चार फुटांच्या खाली मात्र तो घेऊ नका, सहा इंचांपर्यंत जातो. उडीही मारतो. एक माझ्या झाकणाच्या फटीतून रात्री बाहेर पडला. रस्टी दुकानात मातकट, कुणी वळून बघणार नाही असा दिसतो. सहा महिन्यांनी नराच्या अंगावर जांभळी चमक चढली आणि आता पाहुणे आधी त्याचंच नाव विचारतात. टँकला अकरावा महिना लागला तरी या तिघांच्या आपसात फाटलेला पंख दिसलेला नाही. पाठलाग होतो, तो दोन सेकंदांत संपतो.

मे महिना कठीण गेला. पाणी ३१ अंशांवर पोचलं तेव्हा झाकण काढून वर जाळी लावली आणि छोटा पंखा पाण्यावर सोडला, दोनेक अंश उतरले. वीज गेली की बॅटरीवरचा एअर पंप सुरू करते. दर रविवारी चाळीस टक्के पाणी बदलावं लागतं, क्लोरीन घालवायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे. हे जमणार नसेल तर इतके मासे एका टँकमध्ये ठेवू नयेत.

आजी गोव्यात काळुंदर मासा रवा लावून तळायची. तोही सिक्लिडच, आपल्या मातीतला, आणि भारत-श्रीलंकेबाहेरचे त्याचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत, हे मला या छंदामुळे कळलं. उजनीची चिलापीही सिक्लिड, पण ती आफ्रिकेतून आणलेली. मोझांबिक टिलापिया १९५२ मध्ये भारतात आला आणि पुढे देशभरातल्या जलाशयांत पसरून देशी माशांच्या जागेवर बसला. त्यामुळे नको झालेला मासा कृपया नदीत किंवा तलावात सोडू नका. दुकानदार परत घेतात, पैसे मिळाले नाहीत तरी द्या.

जूनमध्ये एका लॅब मादीने खाणं सोडलं, हनुवटी फुगली. अंडी तोंडात होती. या माद्या साधारण तीन आठवडे पिल्लं तोंडात वाढवतात आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहतात. मी घाईने तिला जाळीत धरून वेगळ्या टँकमध्ये हलवलं आणि तिने भीतीने सगळी अंडी टाकून दिली. कालपासून दुसरी मादी तशीच दिसते आहे, दाणे टाकले तरी दगडाआड थांबते. या वेळी तिला हात लावणार नाही. मागच्या कोपऱ्यात लहान दगडांचा ढीग रचून ठेवला आहे, पिल्लं शिरतील पण मोठे शिरणार नाहीत एवढ्या फटींचा. मुलीने कॅलेंडरवर कालच्या तारखेला गोल केला आहे.