प्राग की क्राकोव्ह? ज्यू वारसा बघायचा तर कुठे जावं

युरोप ट्रिपमध्ये ज्यू वारशासाठी दोनच दिवस निघतायत आणि प्राग (चेक प्रजासत्ताक) की क्राकोव्ह (पोलंड) ते ठरत नाहीये, तर आधी महिना बघा. जूनअखेर किंवा जुलैची सुरुवात असेल तर डोळे झाकून क्राकोव्ह. तिथे 1988 पासून ज्यू कल्चर फेस्टिव्हल होतो, काझिमिएझ या जुन्या ज्यू भागातल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंची प्रार्थनास्थळं) मैफली, क्लेझ्मर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं पारंपरिक संगीत, वर्कशॉप्स, मस्त माहोल असतो. तारखा तेवढ्या आधी चेक करा.

बाकी वर्षभर माझं मत प्रागला. तिथलं ज्यू म्युझियम म्हणजे एक बिल्डिंग नाही, जुन्या वस्तीतली बरीच सिनेगॉग आणि कब्रस्तान मिळून ते बनलंय, 1906 मध्ये सुरू झालेलं. चांदीची भांडी, तोराह या धर्मग्रंथाच्या गुंडाळीवरची भरतकाम केलेली मखमल, सिनेगॉगमधले पडदे, एकेक वस्तू बघत राहावी अशी. पण हे इतकं सगळं तिथे आलं कसं ते माहीत असू द्या: नाझींच्या काळात बोहेमिया-मोराव्हिया म्हणजे आजच्या चेक भागातल्या गावोगावची ज्यू माणसं छावण्यांत पाठवली गेली आणि त्यांच्या सिनेगॉगमधल्या वस्तू प्रागला आल्या, त्यांची नोंद ज्यू कर्मचाऱ्यांनीच केली आणि त्यातले बहुतेक पुढे स्वतःच मारले गेले. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या ज्यूंची जवळपास 78 हजार नावं हाताने लिहिलीत आणि वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत, फ्रिडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाईंनी त्यांना तिथे शिकवलं होतं. तिथे घाई करू नका प्लीज.

प्रागच्या या कब्रस्तानात जागाच नव्हती म्हणून थरावर थर माती टाकून दफन केलंय, त्यामुळे दगड एकमेकांना टेकून उभे आहेत. त्यावरची चिन्हं नीट बघा, आशीर्वादाचे दोन हात म्हणजे पुरोहित घराणं, सुरई म्हणजे लेवी, म्हणजे पुरोहितांना मदत करणारं घराणं.

क्राकोव्हच्या रेमुह कब्रस्तानाची भिंत मात्र कबरींवरच्या फुटलेल्या दगडांच्या तुकड्यांची आहे आणि ती बघून पाय निघत नाही. शिवाय गॅलिशिया ज्यू म्युझियममधले फोटो, नदीपलीकडचा घेट्टोचा भाग (जिथे नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं) आणि आउशवित्झची नाझी छावणी साधारण 70 किलोमीटरवर, म्हणजे इतिहास समजून घ्यायचा असेल तर क्राकोव्ह जास्त देतं, कलाकुसर बघायची असेल तर प्राग.

शनिवार दोन्हीकडे टाळा, प्रागचं म्युझियम बंद असतं आणि रेमुहही.